१९१६चं डब्लिन: रस्त्यावर की तुरुंगात?

ईस्टर उठाव, म्हणजे ब्रिटिश सत्तेविरुद्ध आयर्लंडमध्ये १९१६ साली झालेलं सशस्त्र बंड, समजून घ्यायला डब्लिनमध्ये एकच सकाळ हाती असेल, तर पायी फेरी घ्यावी की किल्मेनम तुरुंग बघावा?

पायी फेरीत उठाव डोळ्यांसमोर उभा राहतो. २४ एप्रिलला उठावाचे नेते पॅट्रिक पिअर्स यांनी प्रजासत्ताकाचा जाहीरनामा वाचला ते जनरल पोस्ट ऑफिस आणि जवळच एकोणिसाव्या शतकातले आयरिश नेते डॅनियल ओकॉनेल यांचा पुतळा. त्याच्या चौथऱ्यावरच्या पंखवाल्या मूर्तींच्या अंगावर गोळ्यांची भोकं आजही आहेत. मागे मूर स्ट्रीट. जळतं पोस्ट ऑफिस सोडून नेते तिथल्या घरांत शिरले आणि २९ तारखेला शरणागतीचं ठरलं. अंतर जेमतेम काही मिनिटांचं.

किल्मेनममध्ये मात्र उठावाची किंमत दिसते. ३ ते १२ मे दरम्यान इथे ब्रिटिशांनी उठावातल्या १४ जणांना गोळ्या घातल्या. त्यांपैकी जोसेफ प्लंकेट यांचं ग्रेस गिफर्ड यांच्याशी लग्न इथल्याच चॅपेलमध्ये लागलं, काही तासांतच प्लंकेट यांचा मृत्यू. उठावाचे आणखी एक नेते, जखमी जेम्स कॉनली यांना उभंही राहवत नव्हतं, म्हणून खुर्चीत बसवून मारलं. अंगणात त्यांचा क्रूस वेगळा आहे, बाकीच्यांच्या समोरच्या टोकाला.

माझा कौल तुरुंगाला. पोस्ट ऑफिसचा रस्ता एकट्यानेही चालता येतो. तुरुंग गाइडशिवाय बघता येत नाही आणि तिकिटं लवकर संपतात, तेव्हा आधीच काढा.