विद्यापीठातील पद स्वीकारण्यापूर्वी: नियमित, कंत्राटी, तासिका आणि प्रकल्प नेमणुकांची तुलना

महाराष्ट्रातील एखाद्या सार्वजनिक विद्यापीठाच्या एकाच विभागात, एकाच अभ्यासक्रमाचे तास घेणारे चार शिक्षक चार वेगळ्या प्रकारच्या नेमणुकांवर असू शकतात. विद्यार्थ्यांच्या दृष्टीने ते चौघेही ‘सर’ किंवा ‘मॅडम’ असतात. वेतन, रजा, निवृत्तिवेतन आणि पुढील नोकरीत धरला जाणारा अनुभव यांच्या दृष्टीने मात्र त्यांच्यात फार मोठे अंतर असते. नेट, सेट किंवा पीएच.डी. झालेल्या आणि हाती दोन-तीन प्रस्ताव असलेल्या उमेदवाराने पदनामाकडे किंवा पहिल्या महिन्याच्या रकमेकडे पाहून निर्णय घेऊ नये, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. पद मंजूर आहे का, त्याचे वेतन कोणत्या निधीतून येते आणि निवड रीतसर गठित झालेल्या निवड समितीने केली आहे का, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर पुढची अनेक वर्षे अवलंबून असतात.

नियमित नेमणुकीबद्दल फारसा वाद नाही. सातव्या वेतन आयोगानुसार सहायक प्राध्यापकाचे मूळ वेतन स्तर १० मध्ये ५७,७०० रुपयांपासून, सहयोगी प्राध्यापकाचे स्तर १३अ मध्ये १,३१,४०० रुपयांपासून आणि प्राध्यापकाचे स्तर १४ मध्ये १,४४,२०० रुपयांपासून सुरू होते. महागाई भत्ता आणि घरभाडे भत्ता त्यावर वेगळे मिळतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार परिवीक्षा, म्हणजे कायम होण्यापूर्वीचा चाचणीचा काळ, एक वर्षाची असते आणि ती फार तर आणखी एक वर्ष वाढवता येते. राज्यात १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर रुजू झालेल्यांना जुनी निवृत्तिवेतन योजना लागू न होता अंशदानाची योजना लागू झाली. या योजनेत, म्हणजे आताच्या राष्ट्रीय निवृत्तिवेतन प्रणालीत, कर्मचारी मूळ वेतन आणि महागाई भत्त्याच्या बेरजेच्या १० टक्के, तर शासन १४ टक्के रक्कम भरते.

मात्र ‘नियमित’ या शब्दाच्या पोटातही दोन प्रकार आहेत. काही पदे शासनमान्य असून त्यांच्या वेतनाचा भार शासन उचलते, तर काही पदे विद्यापीठाने स्वतःच्या निधीतून निर्माण केलेली असतात. दुसऱ्या प्रकारात नियुक्तिपत्र कायम नोकरीचे असले, तरी त्या पदाचे वेतन शुल्क आणि विद्यापीठाचे इतर उत्पन्न यांवर उभे असते. स्वयंअर्थसहाय्यित अभ्यासक्रमाचे प्रवेश घटले की त्याची झळ आधी तिथे बसते. जाहिरातीत हा फरक ठळकपणे दिलेला नसतो, म्हणून तो आस्थापना विभागात जाऊन विचारावा. असे विचारणे उद्धटपणाचे आहे असा संकोच अनेक उमेदवारांना वाटतो, परंतु तो अनाठायी आहे.

निर्णय खरा अवघड होतो तो कंत्राटी नेमणूक आणि तासिका तत्त्व, म्हणजे बोलीभाषेतली ‘सीएचबी’, यांच्यात. दोन्ही तात्पुरत्या असल्यामुळे त्या सारख्याच समजल्या जातात, आणि इथेच मोठी चूक होते. २०१८ च्या विनियमांनुसार कंत्राटी शिक्षक अगदी आवश्यक असेल तेव्हाच नेमावेत, त्यांची संख्या एकूण अध्यापक पदांच्या १० टक्क्यांपेक्षा अधिक नसावी, त्यांची पात्रता आणि निवडपद्धती नियमित शिक्षकांसारखीच असावी आणि त्यांचे ठोक वेतन नियमित सहायक प्राध्यापकाच्या एकूण मासिक वेतनापेक्षा कमी नसावे. सुरुवातीची नेमणूक एका शैक्षणिक सत्राहून अधिक काळाची नसते. प्रत्यक्षात मात्र अकरा महिन्यांचा करार, मध्ये काही दिवसांचा तांत्रिक खंड आणि नियमित वेतनाच्या तुलनेत बरीच कमी ठोक रक्कम, असेच चित्र अनेक ठिकाणी दिसते.

तासिका तत्त्वावर शिक्षकाला घेतलेल्या तासांचेच मानधन मिळते. अनुदान आयोगाने २०१९ मध्ये अतिथी अध्यापकांसाठी प्रतिव्याख्यान १,५०० रुपये आणि महिन्याला कमाल ५०,००० रुपये असे मान सुचवले. राज्यातील प्रत्यक्ष दर शासन निर्णयाने ठरतात आणि ते वेगळे असू शकतात. उन्हाळी सुटी, परीक्षेचे आठवडे आणि प्रवेश लांबल्यामुळे उशिरा सुरू होणारे सत्र, या काळात तासच नसल्याने मानधनही नसते. त्यामुळे तासाचा दर बारा महिन्यांच्या हिशेबात घालून पाहिल्याशिवाय या प्रस्तावाची दुसऱ्याशी तुलना करू नये.

तरीही माझ्या मते पैशापेक्षा मोठा फरक अनुभवाच्या गणनेचा आहे. तात्पुरती किंवा कंत्राटी सेवा पुढे थेट भरतीसाठी किंवा पदोन्नतीसाठी धरली जायची असेल, तर विनियमांत अटी आहेत: त्या वेळची पात्रता विहित पात्रतेपेक्षा कमी नसावी, नेमणूक रीतसर निवड समितीच्या शिफारशीवरून झालेली असावी आणि एकूण वेतन नियमित शिक्षकाच्या एकूण मासिक वेतनापेक्षा कमी नसावे. तासिका तत्त्वावरील बहुतेक नेमणुका या शेवटच्या अटीपाशीच अडतात. म्हणजे पाच वर्षे मनापासून शिकवूनही पदोन्नतीच्या हिशेबात त्या वर्षांची नोंद शून्य राहू शकते. विद्यापीठांतील सहायक प्राध्यापक पदाच्या मुलाखतीसाठी उमेदवार निवडताना आयोगाच्या तक्त्यात पीएच.डी.ला ३०, तर अध्यापन किंवा पीएच.डी.नंतरच्या संशोधनाच्या अनुभवाला वर्षाला २ याप्रमाणे जास्तीत जास्त १० गुण आहेत. हे प्रमाण पाहता, पीएच.डी. अपुरी ठेवून तासिकांमागे धावणारे तरुण पाहिले की मनापासून वाईट वाटते. पीएच.डी. झालेल्याने तासिका तत्त्व एखाद-दोन वर्षे, शिकवण्याचा हात बसावा म्हणून स्वीकारण्यास हरकत नाही, पीएच.डी. न झालेल्याने ते स्वीकारले तर प्रबंधाचा वेळ त्यात जाऊ देऊ नये.

त्याच उमेदवारासमोर प्रकल्पातील पदाचा पर्याय असेल, तर मी तो अधिक बरा मानतो. १ जानेवारी २०२३ पासून कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती महिन्याला ३७,००० आणि वरिष्ठ अधिछात्रवृत्ती ४२,००० रुपये असून घरभाडे भत्ता वेगळा मिळतो. प्रकल्प सहायकांच्या रकमा निधी देणाऱ्या संस्थेप्रमाणे बदलतात. प्रकल्पाची मुदत संपली की पदही संपते आणि विद्यापीठावर त्याचे कोणतेही दायित्व राहत नाही, हे उघड आहे. प्रकल्पाच्या निधीचा हप्ता उशिरा आला तर काही महिने विनावेतन काढावे लागतात, म्हणून आधीच्या हप्त्यांचा अनुभव त्या प्रकल्पातील जुन्या सहकाऱ्यांना आवर्जून विचारावा. परंतु या काळात शोधनिबंध आणि प्रबंध हाती येतात, आणि गुणांचा तक्ता त्यांनाच अधिक मान देतो.

शिक्षकेतर पदांमध्ये कनिष्ठ सहायक, प्रयोगशाळा परिचर किंवा शिपाई अशी नियमित पदे गट क आणि गट ड मध्ये मोडतात. त्याच टेबलावर तेच काम करणारा दुसरा कर्मचारी बाह्यस्रोतामार्फत आलेला असतो, आणि त्याचा मालक विद्यापीठ नसून पुरवठादार ठेकेदार असतो. अशा कर्मचाऱ्याने भविष्य निर्वाह निधीचा खाते क्रमांक स्वतःच्या नावाने उघडला आहे का आणि त्यात दरमहा रक्कम जमा होते का, हे पहिल्याच महिन्यात तपासावे. ठेकेदाराने वेतन थकवल्यास ते देण्याची जबाबदारी कायद्याने मुख्य नियोक्त्यावर, म्हणजे विद्यापीठावर येते, हे अनेकांना ठाऊक नसते. मातृत्व लाभ केवळ कायम कर्मचाऱ्यांपुरता नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली दिल्ली महापालिकेच्या मस्टर रोलवरील, म्हणजे रोजंदारीच्या, महिला कामगारांच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे.

कुलसचिवासारखी मुदतीची पदे आधीच्या नोकरीवर धारणाधिकार, म्हणजे मुदत संपल्यावर तिथे परतण्याचा हक्क, असलेल्यांनाच सोयीची ठरतात. २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार नेमले जाणारे ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ हे पद साधारण पंधरा वर्षांचा व्यावसायिक अनुभव असलेल्यांसाठी असून ते एकूण चार वर्षांपलीकडे जात नाही. तरुण उमेदवाराच्या निवडीत त्याचा विचार करण्याचे कारण नाही.

‘आधी आत शिरू, मग कायम होऊ’ हा सल्ला आजही वडीलधाऱ्यांकडून दिला जातो. १० एप्रिल २००६ रोजी उमादेवी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने केवळ दीर्घ सेवेमुळे कायम होण्याचा हक्क मिळत नाही असे ठरवले. त्यानंतर २०१६ मध्ये समान कामासाठी समान वेतनाचे तत्त्व तात्पुरत्या कर्मचाऱ्यांना लागू करणारा आणि डिसेंबर २०२४ मध्ये उमादेवी निकालाची ढाल करून वर्षानुवर्षे राबवून घेण्यावर ताशेरे ओढणारा, असे दिलासा देणारे निकाल आले. पण असा दिलासा न्यायालयात जाऊन, कागदपत्रांनिशी आणि अनेक वर्षे झगडून मिळवावा लागतो. म्हणून कोणतीही तात्पुरती नेमणूक स्वीकारताना जाहिरातीची प्रत, निवड समितीचा उल्लेख असलेले नियुक्तिपत्र, प्रत्येक महिन्याची वेतनचिठ्ठी आणि एकूण वेतन नमूद केलेले अनुभव प्रमाणपत्र सत्र संपण्यापूर्वीच मिळवून ठेवावे; विभागप्रमुख बदलल्यावर तेच प्रमाणपत्र मिळवण्यासाठी वर्षभर हेलपाटे घालणारे सहकारी मी पाहिले आहेत.