कॅट की सीईटी, आणि त्यासाठी पुस्तकं कोणती घ्यायची?

नागपुरात बर्डीवर पुस्तकांच्या दुकानात जाऊन ‘एमबीए एन्ट्रन्सचं काही आहे का’ असं विचारलं, की काउंटरवर चार जाडजूड ठोकळे येतात. चारही चांगले असतात, पण त्यातले निदान दोन तुमच्या परीक्षेचे नसतात. त्यामुळे कोणतं पुस्तक, याआधी कोणती परीक्षा हे ठरवा.

नागपुरातली बरीच मुलं दोन्ही फॉर्म भरतात: नोव्हेंबरच्या शेवटी होणारी कॅट (आयआयएमसारख्या संस्थांची प्रवेश परीक्षा) आणि नंतर राज्याच्या सीईटी सेलची एमबीए सीईटी. दोन्ही द्यायला हरकत नाही, पण पैसे आणि महिने एकीवरच लावा. कॅटमध्ये तीन विभाग, प्रत्येकाला 40 मिनिटं, आणि एका विभागाचा उरलेला वेळ दुसऱ्याला वापरता येत नाही. 2024 च्या पेपरात 68 प्रश्न होते: इंग्रजीचे 24, डीआयएलआरचे (तक्त्यांतली माहिती वाचणं आणि तर्काची कोडी) 22, गणिताचे 22. बरोबर उत्तराला 3 गुण, पर्याय दिलेला प्रश्न चुकला तर 1 वजा. सीईटीत 150 मिनिटांत 200 प्रश्न आणि निगेटिव्ह मार्किंग नाही. भागाकार करून बघा. सीईटीत एका प्रश्नाला 45 सेकंद मिळतात, कॅटच्या गणितात जवळपास 1 मिनिट 50 सेकंद. कॅटमध्ये कोणता प्रश्न सोडून द्यायचा हे कळावं लागतं, तर सीईटीत एकही प्रश्न कोरा ठेवायचा नसतो. या दोन सवयी एकाच पुस्तकातून लागत नाहीत.

(मिहानमध्ये आयआयएम आहे म्हणून नागपूरकरांना प्रवेशात काही सूट मिळेल, असं अजूनही कोणी कोणी सांगतं. 2015 मध्ये व्हीएनआयटी या इंजिनिअरिंग कॉलेजच्या आवारात सुरू झालेली ही संस्था 2022 मध्ये मिहानच्या कॅम्पसमध्ये गेली, पण गावकरी म्हणून कोटा तेव्हाही नव्हता, आताही नाही.)

आता गणित. तीन नावं हमखास कानावर येतील: अरुण शर्मा, सर्वेश वर्मांचं ‘क्वांटम कॅट’ आणि आर. एस. अग्रवाल.

अरुण शर्मांच्या पुस्तकाची खरी ताकद म्हणजे त्यातल्या तीन पायऱ्या. प्रत्येक प्रकरणाखाली एलओडी (लेव्हल ऑफ डिफिकल्टी) 1, 2 आणि 3 असे चढत्या अवघडपणाचे सराव असतात. पहिली पायरी नीट जमली की पाया बसला, दुसरी बरीचशी जमली की कॅटच्या गणिताला तोंड देता येतं. तिसरीत अडकून पडू नका. त्यातल्या एकेका प्रश्नावर अख्खी संध्याकाळ घालवणारी हुशार मुलं नोव्हेंबर उजाडला तरी भूमितीपर्यंत पोचलेली नसतात.

‘क्वांटम कॅट’ मध्ये मजकूर जास्त, उदाहरणं जास्त, सराव तर संपता संपत नाही. ज्याचं गणित दहावीनंतर सुटलंय आणि ज्याच्या हातात आठ-दहा महिने आहेत, त्याला हे पुस्तक शिक्षकासारखं सोबत करतं. जुलैत जाग आलेल्याने मात्र याच्या वाटेला जाऊ नये. मागच्या बाकावरच्या इंजिनिअरलाही याची गरज नाही, त्याला नुसती उजळणी हवी असते.

आर. एस. अग्रवालांचं पुस्तक बँक, एसएससी वगैरे परीक्षा डोळ्यांसमोर ठेवून केलेलं आहे. कॅटसाठी ते अपुरं पडतं. सीईटीसाठी तेच कामाला येतं, कारण एकाच साच्याची पन्नास गणितं केल्याशिवाय हात पळत नाही. 250 चे 18 टक्के काढायला कागद लागता कामा नये. तेच 180 चे 25 टक्के, म्हणजे पाव भाग, 45. अशी उलटापालट आपसूक व्हायला लागली, की 45 सेकंदांची धास्ती उरत नाही.

तिघांत ठरत नसेल तर दुकानात उभ्या उभ्या एक करा. नंबर सिस्टीमचं प्रकरण उघडून बाकी काढायच्या एखाद्या गणिताचं उत्तर वाचा. समजा प्रश्न असा आहे: 3 च्या 100 व्या घाताला 7 ने भागलं तर बाकी किती? एखादं पुस्तक प्रमेयाचं नाव लिहून ‘उत्तर 4’ म्हणून मोकळं होतं. दुसरं सांगतं, की 3 चे घात ओळीने 7 ने भागत गेलं तर बाकी 3, 2, 6, 4, 5, 1 अशी येते आणि पुन्हा तेच चक्र सुरू होतं. चक्र सहाचं, 100 ला 6 ने भागून 4 उरतात, म्हणून ओळीतली चौथी बाकी, 4. पहिलं उत्तर वाचून तुम्हाला लगेच उमगलं तर ते पुस्तक घ्या, नाहीतर दुसरं. प्रस्तावना आणि मागच्या कव्हरवरची स्तुती वाचण्यापेक्षा हे लवकर होतं.

मराठी माध्यमातून आलेल्यांनी सुरुवातीचे दोन-तीन आठवडे एमपीएससीच्या अंकगणिताच्या पुस्तकावर काढले तरी चालेल. शेकडेवारी, गुणोत्तर, काळ-काम-वेग हे आपल्या भाषेत पक्कं होतं. मग लगेच इंग्रजीकडे वळा, पेपर इंग्रजीत असतो.

डीआयएलआरमध्ये गाईडवर पैसे घालावेत असं मला वाटत नाही. निदान आधी तरी नाही. कॅटमध्ये 2015 पासून स्क्रीनवर साधा कॅल्क्युलेटर मिळतो, त्यामुळे लांबलचक आकडेमोडीचे तक्ते मागे पडले आणि कोडी वरचढ झाली. निशित सिन्हांचं पुस्तक असो की अरुण शर्मांचं, सेटची (एकाच माहितीवर विचारलेल्या प्रश्नांच्या गटाची) ओळख होण्यापुरतं कोणतंही एक पुरे. पुढचा खरा अभ्यास 2017 पासूनच्या जुन्या पेपरांवर करा. ते ऑनलाइन फुकट सापडतात. घड्याळ लावून चार सेट समोर ठेवा आणि पहिली पाच मिनिटं पेन न उचलता फक्त कोणते दोन घ्यायचे हे ठरवा. गाईडमध्ये सेट धड्याच्या नावाखाली लावलेले असतात, त्यामुळे ही निवड तिथे शिकायला मिळतच नाही.

सीईटीचा कारभार वेगळा. तिथे लॉजिकल रिझनिंगचे 75 आणि अ‍ॅबस्ट्रॅक्ट रिझनिंगचे (आकृत्यांचे) 25 प्रश्न, म्हणजे निम्मा पेपर इथेच. बैठक व्यवस्था, कोडिंग, नातेसंबंध, सिलॉजिझम असा बँकेच्या परीक्षेसारखा मसाला. त्याला अग्रवालांचंच व्हर्बल-नॉनव्हर्बल रिझनिंगचं पुस्तक घ्या. आकृत्यांसाठी त्यातला नॉनव्हर्बल भाग रोज थोडा थोडा करा. हेच पुस्तक घेऊन कॅटला बसणारा मात्र पहिल्याच सेटला गोंधळतो.

इंग्रजीबद्दल थोडक्यात. ‘रेन अँड मार्टिन’ आणि ‘वर्ड पॉवर मेड इझी’ घरात असतील तर सीईटीच्या व्याकरणाला आणि शब्दांना उपयोगी पडतील. कॅटमध्ये अलीकडे थेट व्याकरण किंवा शब्दार्थ विचारत नाहीत. 24 पैकी 16 प्रश्न उताऱ्यांवरचे, उरलेले परिच्छेदाचा सारांश, वाक्यांचा क्रम वगैरे. तिथे पुस्तकापेक्षा रोज इंग्रजी पेपरातला एक लांब लेख वाचून त्याचं म्हणणं दोन ओळींत लिहिणं जास्त फळतं.

क्लासची पुस्तिका की बाजारातलं पुस्तक, हा प्रश्न रामदासपेठ-धरमपेठेतल्या क्लासेसच्या चकरा मारणाऱ्या प्रत्येकाला पडतो. पुस्तिका आटोपशीर असतात, फापटपसारा नसतो. पण उत्तरं त्रोटक असतात, कारण बाकीचं सर फळ्यावर सांगणार हे गृहीत धरलेलं असतं. त्यामुळे सीनियरकडून नुसता गठ्ठा स्वस्तात घेतला आणि क्लास लावलाच नाही, तर अडल्यावर विचारायचं कुणाला? क्लास लावलाच असेल तर बाजारातलं दुसरं गणिताचं पुस्तक घेऊ नका, तेवढ्या पैशांत मॉक टेस्टची (सराव परीक्षांची) मालिका घ्या.

जुनी पुस्तकं घेणार असाल तर गणिताचं बिनधास्त घ्या. आवृत्ती पाच वर्षांपूर्वीची असली तरी काळ-काम-वेग तेच आहे. आत पेन्सिलीने गणितं सोडवलेली नाहीत ना, एवढं पानं चाळून बघा. समोर आधीच गोल केलेला पर्याय असला की आपण तोच बरोबर आहे का एवढं तपासतो, गणित सोडवत नाही. इंग्रजी आणि डीआयएलआरचं जुनं पुस्तक मात्र दुकानदाराने कितीही भाव पाडला तरी ठेवून या.

माझी निवड विचाराल तर, कॅट मुख्य आणि हातात सहा महिने असतील तर अरुण शर्मांचं गणित जुन्या बाजारातून, जुने पेपर फुकटातले, आणि उरलेले सगळे पैसे मॉकना. सीईटी मुख्य असेल तर अग्रवालांची दोन पुस्तकं आणि दर रविवारी 150 मिनिटांचा पूर्ण पेपर. दोन्ही द्यायच्या असतील तर नोव्हेंबरपर्यंत पहिलाच बेत चालवा आणि कॅट झाल्याच्या दुसऱ्या दिवशी अग्रवाल उघडा.