'द पॅरडाइज' की 'मिस्टर सेल्फ्रिज': दुकानदाराच्या घरानं आधी कोणती बघावी?

जुन्या काळातलं इंग्लंड, एक भलंमोठं दुकान, त्यात राबणारी माणसं, त्यांची प्रेमं आणि धंद्यातली चढाओढ. या वर्णनात बसणाऱ्या दोन मालिका ब्रिटिश टीव्हीवर तीन-चार महिन्यांच्या अंतरानं आल्या. बीबीसीची 'द पॅरडाइज' सप्टेंबर २०१२मध्ये सुरू झाली, आयटीव्हीची 'मिस्टर सेल्फ्रिज' जानेवारी २०१३मध्ये. जळगाव-धुळे-अमळनेरकडच्या ओळखीच्यांपैकी ज्यांच्या घरात कापडाचं किंवा भांड्यांचं दुकान आहे, तेच मला सगळ्यात जास्त विचारतात की दोन्हींतली कोणती बघू, सवड एकीपुरतीच आहे.

माझं उत्तर ठरलेलं आहे. आधी 'द पॅरडाइज', त्यातही पहिला सीझन. 'मिस्टर सेल्फ्रिज' वाईट नाही, काही बाबतीत ती सरसच आहे. पण खानदेशातल्या दुकानदाराच्या घराला 'द पॅरडाइज' जशी भिडेल, तशी दुसरी भिडणार नाही.

'द पॅरडाइज'चा काळ १८७५च्या आसपासचा आणि जागा ईशान्य इंग्लंडमधलं एक शहर. डेनिस लव्हेट ही तरुण मुलगी स्कॉटलंडमधल्या पीबल्स गावाहून काकाच्या आधारानं येते. काका एडमंड लव्हेट यांचं कापडाचं जुनं दुकान आहे, पण गिऱ्हाईक आटलेलं. पुतणीला कामावर ठेवायची त्यांची ऐपत उरलेली नाही, आणि त्याला कारणीभूत असलेलं दुकान रस्त्याच्या पलीकडेच उभं आहे. झगमगत्या काचा, आत बायकांची झुंबड. डेनिस नोकरी धरते ती तिथेच. पुढे जीव लावते तोही त्याच दुकानाच्या मालकावर, जॉन मोरेवर.

मालिकेचं सगळं बळ या मांडणीत आहे. काकाच्या गल्ल्यातून रोज थोडं थोडं ओढून नेणाऱ्या माणसाच्या हुशारीवर ती भाळते. ती नुसती भाळलेली नाही, ती स्वतःही तशीच हुशार आहे. कोणता माल पुढे मांडावा, गिऱ्हाइकाला काय बोलावं, दुकानात गर्दी कशी खेचावी, हे तिला आतूनच सुचतं. तिची प्रत्येक नवी कल्पना मोरेचं दुकान वाढवते, म्हणजेच काकाचं दुकान आणखी खाली ढकलते. प्रेम आणि धंदा असे एका गाठीत आहेत की एक सोडवायला गेलं तर दुसरं आवळतं.

मोरेच्या बाजूनंही तीच गाठ आहे. दुकान वाढवायला त्याला लॉर्ड ग्लेन्डेनिंगचं कर्ज हवं, आणि लॉर्डाच्या मुलीला, कॅथरीनला, मोरे हवा. कर्जाची बोलणी आणि लग्नाची बोलणी एकाच दिवाणखान्यात चालतात. आपल्याकडे जुन्या व्यापारी घराण्यांत सोयरिकी कशा जुळत, भांडवल कुठून येई आणि सून कुठून, हे ज्यांनी थोरल्यांच्या तोंडून ऐकलंय त्यांना त्यात नवल वाटणार नाही. कॅथरीन खलनायिका वाटू शकली असती, पण एलेन कॅसिडीनं तिला एकटेपणाचा असा काठ दिलाय की तिचा राग येता येता राहतो.

मालिका बेतलेली आहे एमिल झोला यांच्या १८८३ सालच्या फ्रेंच कादंबरीवर. झोलांसमोर पॅरिसच्या 'बाँ मार्शे' या खऱ्या दुकानाचा नमुना होता. ठरावीक किंमत, घासाघीस नाही, माल नाही पटला तर परत, या पद्धती तिथे आरिस्तिद बूसिको यांनी रुजवल्या. कादंबरीतली चढाओढ फार कठोर आहे. एका रेशमाचा भाव सांतीम-सांतीमनं, म्हणजे फ्रेंच पैशापैशानं, खाली आणत दोन दुकानं एकमेकांना भिडतात, त्यात लहान दुकानदार पार बुडतो. काकाची मुलगी तर खंगून मरते. बीबीसीनं गोष्ट पॅरिसमधून उचलून इंग्लंडात आणली आणि ही धार बोथट केली. मालिकेतल्या काकाला बायकामुलं नाहीत. माझी या मालिकेबद्दल खरी तक्रार एवढीच आहे. बुडणाऱ्या दुकानामागे एक घर असतं, ते दाखवायला हवं होतं.

तरीही जे दाखवलंय ते पुरेसं बोचतं. आमच्याकडे लग्नाचा बस्ता बांधायला अख्खं घर दुकानात येऊन बसायचं. पांढऱ्या गादीवर नवरीच्या शालूपासून मानपानाच्या टोप्या-टॉवेलांपर्यंत सगळं एकाच ठिकाणी व्हायचं. दोनदा चहा, मध्ये कुणाचा तरी रुसवा, शेवटी अहिराणीत घासाघीस आणि शेठनं हसत हसत सोडलेले शे-दोनशे. कापसाचा पैसा हाती येईपर्यंत बाकी वहीत. शेठला त्या घराच्या तीन पिढ्या ठाऊक असायच्या. मग हायवेला एकच भाव असलेली, एसीची, गाडी लावायला ऐसपैस जागा असलेली शोरूम आली. गल्लीतल्या जुन्या दुकानदारांचं म्हणणं तेच, जे एडमंड लव्हेटचं: आपलं गिऱ्हाईक आपल्याकडेच येणार. आणि त्याच गल्लीतली एक मुलगी शोरूमच्या साडी काउंटरवर कामाला लागली, तेव्हा कुणी तिला काही बोललं नाही, पण तिच्या वडिलांना पाराकडे यायला जड जाऊ लागलं. डेनिस रस्ता ओलांडून पहिल्यांदा कामाला जाते तो प्रसंग बघताना मला ते वडील आठवतात.

आता 'मिस्टर सेल्फ्रिज'. ही गोष्ट खऱ्या माणसाची. हॅरी गॉर्डन सेल्फ्रिज शिकागोच्या 'मार्शल फील्ड' या मोठ्या दुकानात धंदा शिकला, लंडनला आला आणि १५ मार्च १९०९ रोजी ऑक्सफर्ड स्ट्रीटवर त्यानं आपलं दुकान उघडलं. पहिला सीझन त्या उद्घाटनाभोवतीचा. पुढचे सीझन उड्या मारत जातात: दुसरा १९१४, तिसरा १९१९, चौथा १९२८.

दुकान कसं चालतं हे बघायचं असेल तर ही मालिका निःसंशय वरचढ आहे. पहिल्याच भागात हॅरी एका जुन्या धाटणीच्या दुकानात गिऱ्हाईक म्हणून जातो आणि हातमोजे मागतो. एक जोड नाही, सगळेच. काउंटरमागची अ‍ॅग्नेस टाउलर आधी बिचकते, मग एकेक खण ओढून सगळे हातमोजे समोर मांडते. तोवर वरचा माणूस येतो: घ्यायचे आहेत का, नाहीतर वाट धरा. त्या काळच्या लंडनमध्ये माल कपाटात आणि खणात, आणि घेणार असाल तरच दिसणार. हॅरीचा सगळा धंदा याच्या उलट आहे, माल उघड्यावर मांडा, लोकांना हात लावू द्या, नुसतं हिंडू द्या. या मेहेरबानीची किंमत अ‍ॅग्नेस मोजते. तिची नोकरी जाते आणि पुढे ती हॅरीकडे येते. आपल्याकडचा कापडदुकानदार एकही साडी न घेणाऱ्या बाईपुढे पंचवीस साड्या उलगडतो आणि तोंड वाकडं करत नाही. त्यामुळे हा प्रसंग खानदेशी दुकानदाराला वेगळाच दिसेल. हॅरीनं जे लंडनला शिकवलं त्यातलं निम्मं आपल्या गादीवर आधीपासून चालत होतं.

खिडक्यांची सजावट करणारा हेन्री लक्लेर, हिशोब धरून बसलेले मिस्टर क्रॅब, प्रसिद्धीचा भुकेला हॅरी यांच्या बैठका मला प्रेमप्रकरणांपेक्षा जास्त आवडल्या. १९०९च्या जुलैत लुई ब्लेरिओनं विमानानं इंग्लिश खाडी ओलांडली आणि सेल्फ्रिजनं ते विमान लगोलग दुकानात आणून ठेवलं. हे इतिहासात खरंच घडलंय आणि मालिकेत ते झकास आलंय.

प्रेमाच्या बाबतीत मात्र 'मिस्टर सेल्फ्रिज' पातळ पडते. हॅरीची बायको रोझ समंजस, घर भरलेलं, आणि हा गडी नाटकातल्या नट्यांच्या मागे आणि जुगाराच्या टेबलावर. त्याच्या भानगडींचा दुकानाशी संबंध एवढाच की पैसा तिथून जातो. जेरेमी पिव्हन हॅरीला सतत टिपेला ठेवतो. पहिले काही भाग ते शोभतं, पुढे थकवतं. अ‍ॅग्नेस, हेन्री आणि हॉटेल विभागातला व्हिक्टर हा त्रिकोण गोड आहे, पण कुणाला निवडलं म्हणून कुणाचं दुकान बुडत नाही.

एक जोडी मात्र या सगळ्यांच्या वर आहे: मिस मार्डल आणि मिस्टर ग्रोव्ह. दोघं दुकानातले वरिष्ठ, वय उतरणीला लागलेलं. त्याची बायको वर्षानुवर्षं आजारी, आणि ही त्याच्यासाठी वाट बघत राहिलेली. दुकानात एकमेकांना 'मिस' आणि 'मिस्टर' म्हणायचं आणि नजरेनं बाकीचं बोलायचं. अमांडा अ‍ॅबिंग्टननं मिस मार्डलचा ताठ कणा आणि त्याच्या आतलं सगळं इतकं सांभाळून दाखवलंय की तिच्यासाठी मी चारही सीझन पाहिले. 'द पॅरडाइज'मध्ये तिच्याशी नातं सांगणारी बाई म्हणजे सारा लँकेशरची मिस ऑड्री, बायकांच्या कपड्यांच्या विभागाची प्रमुख. तिचं आणि डेनिसच्या काकाचं एकेकाळी प्रेम होतं. तिनं नोकरी निवडली आणि आता समोरचं दुकान खिडकीतून बघते. दोन्ही मालिकांत मोठी माणसं तरुणांपेक्षा जास्त लक्षात राहतात.

चढाओढीचा प्रकारही वेगळा. 'मिस्टर सेल्फ्रिज'मधली भांडणं श्रीमंतांची आहेत. लॉर्ड लॉक्सलीसारखा माणूस सूडापोटी हॅरीच्या मागे लागतो, शेअर, भागीदार, वर्तमानपत्रं यांतून डाव टाकतो. बघायला रंगतं, पण डोळ्यांत पाणी येत नाही. 'द पॅरडाइज'मधली चढाओढ एका रस्त्याच्या रुंदीएवढी आहे. टोलगेट स्ट्रीट या त्याच रस्त्यावरच्या एकेका लहान दुकानदाराला विकत घ्यायला मोरे निघतो, तेव्हा समोर बसलेला माणूस आयुष्यभराचा शेजारी असतो. दुकानाच्या आतही तेच. डेनिस वर चढते म्हणून जुनी विक्रेती क्लारा धुमसते, कारण मोरेकडून तिनंही कधीकाळी आशा धरली होती.

विक्रेत्या मुलींबद्दल जरा थांबून लिहायला हवं. 'द पॅरडाइज'मध्ये त्या दुकानातच राहतात, तिथेच जेवतात, आणि दिवसभर उभ्या. दुकानातल्या बायकांना बसायला आसनं ठेवलीच पाहिजेत हा कायदा ब्रिटनमध्ये १८९९ साली झाला, म्हणजे डेनिसनंतर दोन तपांनी. आपल्या देशात केरळनं २०१८ला आणि तमिळनाडूनं २०२१ला दुकानातल्या कामगारांचा बसण्याचा हक्क कायद्यात आणला. धुळ्याच्या आग्रा रोडला किंवा जळगावच्या फुले मार्केटला लगीनसराईत संध्याकाळी सातला काउंटरमागच्या मुलींचे पाय बघा, मग यातला कोणताही भाग बघा. कपड्यांची चमक आपोआप मागे पडते.

एक गोष्ट मला 'द पॅरडाइज'मध्ये खटकत राहते. अमेरिकेतल्या १८६१ ते १८६५च्या यादवी युद्धात तिकडचा कापूस अडला, तेव्हा इंग्लंडच्या गिरण्यांनी हिंदुस्थानी कापसाकडे धाव घेतली. खानदेशात कापसाचा भाव चढला, त्याच दशकात जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वे जळगाव-भुसावळला पोचली, आणि आपल्या काळ्या मातीतला कापूस मुंबईमार्गे बोटीवर चढू लागला. मोरेच्या काउंटरवरचं सुती कापड कुठून येतं हे मालिका कधीच विचारत नाही. गोष्ट प्रेमाची आहे हे खरं, पण त्या रस्त्यावरच्या दोन्ही दुकानांचा माल कुणाच्या तरी शेतातून आलेला आहे.

आता व्यवहाराचं. 'द पॅरडाइज'चे दोन सीझन, प्रत्येकी आठ भाग, तासाभराचे. दुसऱ्या सीझनमध्ये डेनिस आणि मोरे यांच्यातच धंद्याची स्पर्धा लागते. कल्पना उत्तम आहे, पण कॅथरीन आणि तिचा नवरा टॉम वेस्टन यांच्या घरातली कटकट फार जागा खाते. २०१४च्या सुरुवातीला बीबीसीनं तिसरा सीझन होणार नाही असं जाहीर केलं, तरी गोष्ट अर्धवट लटकत नाही. 'मिस्टर सेल्फ्रिज'चे चार सीझन, दहा-दहा भागांचे. पहिले दोन भक्कम, तिसऱ्यापासून ढिलाई. शेवटचा सीझन खऱ्या हॅरीच्या घसरणीचा आहे. जुगार, उधळपट्टी, हातून गेलेलं दुकान. खरा सेल्फ्रिज १९४७ साली गेला, तेव्हा त्याच्याकडे त्या संपत्तीतलं जवळपास काही उरलं नव्हतं. उधारीवर धंदा वाढवण्याचा विचार चालू असेल तर हा सीझन टाळू नका.

घरात सगळ्यांनी मिळून बघायचं असेल तर 'द पॅरडाइज' सोयीची. प्रसंग मर्यादेत आहेत, बोलणं सावकाश आहे, इंग्रजी सबटायटल लावली की कॉलेजातली पोरं आजीला ओळ-ओळ सांगू शकतात. 'मिस्टर सेल्फ्रिज'मध्ये दारू, नट्या, रात्रीच्या पार्ट्या बऱ्याच, आणि संवाद भरभर जातात. ज्याला शोरूम टाकायची आहे, खिडकी सजवायची आहे, जाहिरात कशी उठवायची हे बघायचं आहे, त्या तरुण दुकानदारानं मात्र तिचा पहिला सीझन वही घेऊन बघावा.

आणि दोन रविवारच मोकळे असतील तर पहिल्या रविवारी 'द पॅरडाइज'चे पहिले चार भाग, दुसऱ्या रविवारी उरलेले चार. 'सेल्फ्रिज'चा हातमोज्यांचा प्रसंग तेवढा मध्ये एखाद्या रात्री, दुकान बंद करून जेवण झाल्यावर बघा.