मिनी ट्रॅक्टरचा रोटाव्हेटर: घरचा मोठा कापून बसवावा की लहान तयार घ्यावा?

केळीच्या पाच फुटी ओळींत किंवा कपाशीच्या चार फुटी तासांत आंतरमशागत करण्यासाठी मिनी ट्रॅक्टर घेतला, की पाठोपाठ रोटाव्हेटरचा, म्हणजे फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करणाऱ्या अवजाराचा, प्रश्न उभा राहतो. रावेर-यावलपासून चोपड्यापर्यंत ज्यांच्याकडे मोठा ट्रॅक्टर आधीपासून आहे, त्यांच्या खळ्यात एखादा जुना पाच फुटी रोटाव्हेटर बहुधा पडून असतो, आणि तोच कापून साडेतीन फुटांचा करून घ्यावा असे मनात येणे साहजिक आहे. दुसरा मार्ग मिनी ट्रॅक्टरसाठीच बनवलेला लहान रोटाव्हेटर विकत घेण्याचा. आमच्या भावकीत दोन्ही प्रकार वापरून झाले आहेत, म्हणून पुढचे सगळे वापरावरून लिहितो आहे.

जोडणीचा पहिला भाग सोपा असतो. पीटीओ (अवजाराला फिरती ताकद देणारी ट्रॅक्टरमागची दांडी) बहुतेक ठिकाणी मिनिटाला 540 फेऱ्यांचा आणि सहा दातांचा, 35 मिलिमीटर व्यासाचा असल्यामुळे तो अवजाराला जोडणाऱ्या शाफ्टचे तोंड कोणत्याही अडचणीविना बसते. फरक असतो तो खालच्या पिनांचा: मोठ्या ट्रॅक्टरच्या 28 मिलिमीटरच्या पिना काढून 22 च्या घालाव्या लागतात किंवा बुश बसवावे लागतात, आणि पिना ज्यांत बसतात ते, साधारण 32 इंचांवर असलेले दोन्ही कान आत घेऊन 26 इंचांवर वेल्ड करावे लागतात. हात बसलेला वेल्डर एवढे काम सहज करून देतो.

कापण्याचे काम त्या मानाने नाजूक आहे. रोटरवरची, म्हणजे फिरणाऱ्या पाइपवरची, पाती मळसूत्रासारख्या क्रमाने लावलेली असतात, जेणेकरून सगळी एकाच वेळी मातीवर आपटू नयेत. म्हणून गिअरच्या विरुद्ध बाजूनेच पाइप कापावा आणि टोकाचा बेअरिंगचा तुकडा लेथवर चढवून मध्य साधूनच जोडावा. नुसत्या नजरेच्या अंदाजाने जोडलेला रोटर रिकामा फिरवला तरी सगळा सांगाडा थरथरतो. आमच्याकडे हे काम लेथवर झाले होते आणि रोटरने कधी त्रास दिला नाही, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे.

माझा निर्णय ठरला तो तासाच्या टोकाला. मिनी ट्रॅक्टरचा पीटीओ खाली असतो आणि मोठ्या रोटाव्हेटरचा गिअरबॉक्स त्याच्या मूळ ट्रॅक्टरच्या बेताने वर बसवलेला असतो. त्यात मिनीचे लिंक (अवजार धरून उचलणारे हात) आखूड, त्यामुळे शाफ्टही कापून आखूड करावा लागतो. आणि शाफ्ट जितका आखूड, तितका तेवढ्याच उचलीला सांध्याचा कोन जास्त होतो. शाफ्टच्या दोन सांध्यांमुळे येणारा वेगातला चढउतार दोन्ही कोन सारखे असतील तरच एकमेकांत जिरतो. रोटाव्हेटर वर उचलताना तो मागे कलतो, कोन बिघडतात आणि सांध्यातला क्रॉस खडखड वाजू लागतो; ती खडखड आधी पायाखालच्या पत्र्यात जाणवते आणि मग कानांवर येते. परिणामी प्रत्येक वळणावर पीटीओ बंद करा, उचला, वळा, खाली टेकवा, पुन्हा चालू करा, असा क्रम सुरू होतो. लांबच लांब कोरडवाहू शेतात हे एक वेळ चालून जाईल. पण केळीच्या बागेतले तास आखूड आणि वळणे फार असतात.

यावर हायड्रॉलिकच्या लिव्हरला अडकण लावून उचल कमी ठेवावी, असा सल्ला दिला जातो आणि तो चुकीचा नाही. आपल्याकडे मात्र तासाच्या टोकाला ठिबकची सबमेन (नळ्यांना पाणी पुरवणारा मोठा पाइप) असते, तिच्यातून निघालेल्या नळ्यांचे जोड जमिनीवर डोके काढून असतात, आणि जेमतेम मातीबाहेर आलेली पाती त्यांच्यावरून नेता येत नाहीत. लहान तयार रोटाव्हेटरचा गिअरबॉक्स मिनीच्या पीटीओच्या पातळीला जुळता असल्यामुळे जोड ओलांडण्याइतकी उचल घेतली तरी आमचा शाफ्ट शांत राहिला. या एका गोष्टीने संध्याकाळचा थकवा निम्मा झाला, असे मला वाटते.

शाफ्टबद्दल आणखी एक गोष्ट: तो आखूड करताना वरचे प्लॅस्टिकचे आवरण काढून फेकून देण्याची सवय पडली आहे. तेही त्याच मापाने कापून परत चढवावे. उघड्या शाफ्टमध्ये खांद्यावरचा रुमाल सापडला, तर हात मागे घ्यायलाही वेळ मिळत नाही.

कापलेल्या मोठ्या रोटाव्हेटरचे गुणही आहेत. वजनामुळे तो तापीकाठच्या वाळून कडक झालेल्या काळ्या मातीत उड्या मारत नाही आणि ढेकळे चांगली फोडतो. लहान यंत्र अशा जमिनीत दोनदा फिरवावे लागते. मात्र हेच वजन मागे गेल्याने मिनीचे पुढचे तोंड हलके होते, म्हणून पुढे वजने लावणे गरजेचे ठरते. खर्चात तो नक्कीच स्वस्त पडतो, पण राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवरून अनुदान मिळते ते नव्या, तपासणी झालेल्या अवजाराला. मिळाल्यास हे अंतर बरेच कमी होते.

ज्यांच्याकडे लांब तासांची कपाशी आहे, ठिबक नाही आणि जुना रोटाव्हेटर घरचाच आहे, त्यांनी तो कापून घेण्यास माझी हरकत नाही. केळी आणि ठिबक असेल, तर मी लहान तयार यंत्राकडेच झुकेन. तरीही कापण्याचा विचार पक्का असेल, तर रोटरला हात लावण्याआधी कान तात्पुरते टाके मारून बसवून पाहावेत. इंजिन चालू करून रोटाव्हेटर हायड्रॉलिकने पूर्ण वर उचलावा, खाली भक्कम टेकू द्यावा, इंजिन बंद करावे आणि पीटीओ न्यूट्रलला ठेवून शाफ्ट हाताने फिरवावा. तो कुठे अडला किंवा सांध्याची दोन तोंडे एकमेकांना घासली, तर काम तिथेच थांबवावे. पाइप अजून अखंड असतो आणि रोटाव्हेटर जसा आहे तसा विकता येतो.