लेखन-गटात आठ महिने आणि तळ्यातली बायको

वेल्समधल्या स्वान्सीला राहायला आल्यावर लायब्ररीतल्या लेखन-गटात नाव घातलं, त्याला आता आठ महिने झाले. दर दुसऱ्या गुरुवारी संध्याकाळी दोन तास, चहापाण्याचे दोन पौंड, सात-आठ माणसं. आपलं लिखाण आपणच मोठ्यानं वाचायचं आणि बाकीचे त्यावर बोलत असताना तोंड उघडायचं नाही, हा एकच कडक नियम. सुरुवातीला तो फार जड गेला. आज विचाराल तर मी त्या नियमासाठीच जाते.

हिवाळ्यात वेल्समधली एखादी जुनी प्रेमकथा आपल्या शब्दांत लिहायची ठरली. बऱ्याच जणांनी वेल्समधल्या प्रेमिकांची संत द्विनवेन हिची घेतली, कारण २५ जानेवारीला तिचा दिवस असतो. मी कारमार्थनशायरच्या डोंगरातल्या ल्लिन अ वान वाख या तळ्याची घेतली. विधवेचा मुलगा तिथं गुरं राखतो. पाण्यावर केस विंचरत बसलेली बाई त्याला दिसते आणि तो आपल्या शिदोरीतला पाव पुढे करतो. गटात वेल्श येणारे एकच आजोबा आहेत, त्यांनी तिचं उत्तर म्हणून दाखवलं: 'क्रास द वारा...', तुझा पाव फार भाजलेला, मी सहज हाती लागायची नाही. दुसऱ्या दिवशी तो कच्चा पीठगोळा नेतो, तोही नको. तिसऱ्या दिवशी अर्धवट भाजलेला पाव चालतो. लग्नाला ती तयार होते, पण कारण नसताना तीनदा मारलंस तर तळ्यात परत जाईन, या अटीवर. उर्वशी-पुरूरव्याची गोष्ट ऐकत वाढलेल्यांना ही अट ओळखीची वाटेल.

आहेर म्हणून तिचा बाप तिला सांगतो, एका दमात मोजशील तेवढी गुरं तुझी. मी लिहिलं होतं, 'तिला पुष्कळ गुरं मिळाली.' वाचून झाल्यावर आजोबा एवढंच म्हणाले, 'मोजा.' मूळ गोष्टीत ती पाचापाचानं मोजते. मी मराठीत मोजायला लागले: एक दोन तीन चार पाच, एक दोन तीन चार पाच... दम संपेपर्यंत. खोलीत चिडीचूप. कुणालाच मराठी येत नव्हतं, पण आकडे सगळ्यांना कळले.

मारण्यावरून मात्र वाद झाला. बारशाला निघायला ती टाळाटाळ करते, तेव्हा तो हातमोजे तिच्या खांद्यावर हलकेच टेकवतो. पुढे ती लग्नात रडते, नंतर मयताला हसते, तेव्हाही तसाच हात लागतो. मी नवऱ्याला रागीट, हात उगारणारा केला होता. एक बाई म्हणाल्या, ती जोर मोजतच नाही, वेळा मोजते. नियमामुळे मला उत्तर देता आलं नाही. घरी जाऊन त्या रात्री नवऱ्याचा सगळा राग खोडला, आणि गोष्ट आधीपेक्षा जास्त लागली.

गटाच्या उणिवाही सांगते. वेळ कुणी लावत नाही, त्यामुळे एखाद्याचं वाचन अर्धा तास चालतं आणि शेवटच्या माणसाला पाच मिनिटं उरतात. दोनदा बैठक रद्द झाल्याचं दारात पोहोचल्यावर कळलं. लिहायची पहिलीच वेळ असेल तर आधी दोन बैठका नुसत्या ऐकायला जा.

एप्रिलमध्ये तळं बघून आले. ल्लानदेउसान्त गावाहून ओढ्याच्या कडेनं खडीची वाट चढते आणि वर कड्याखाली एकदम काळं पाणी दिसतं. तिसऱ्यांदा हात लागल्यावर ती तळ्यात परत गेली, मग तिची मुलं तिला शोधत इथंच यायची, आणि तिनं त्यांना औषधी वनस्पती ओळखायला शिकवल्या. मद्वाई गावच्या वैद्यांचं घराणं त्यांच्यापासून सुरू झालं असं सांगतात. ते वैद्य खरेच होते. तेराव्या शतकात रिवाल्लोन नावाचा वैद्य आणि त्याचे मुलगे ऱ्हीस ग्रिग या सरदाराच्या पदरी होते.

तळ्यात परत जाताना ती गुरांना नावांनी हाका मारते आणि सगळी तिच्यामागून निघतात. हुकावर टांगलेलं, कापलेलं काळं वासरूसुद्धा जिवंत होऊन खाली उतरतं. ते वासरू मला अजून नीट उतरवता आलेलं नाही. तीनदा लिहून झालं. पुढच्या गुरुवारी चौथा खर्डा वाचणार आहे.