पन्नास लाख भरले, विमान मात्र हँगरमध्येच

पायलट करतो म्हणून पोरांना फसवणारी अगदी बोगस, कागदावरही नसलेली शाळा क्वचितच सापडते. जास्त फसवणूक होते ती खऱ्या शाळेत. तिथं डीजीसीएची, म्हणजे केंद्राच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची, मान्यता असते, धावपट्टी असते, गणवेशावर सोनेरी पट्ट्या असतात, दाखवायला आठ-दहा विमानंही असतात. नसते फक्त एक गोष्ट : उड्डाण. लातूर, नांदेड, बीड, परभणीकडची पोरं या सापळ्यात जास्त अडकतात, कारण इथल्या घरांत विमान वाहतुकीतलं कुणी नसतं आणि पैसा मात्र एका झटक्यात उभा राहतो. रस्त्यालगतचं दोन एकर वावर विकलं की झालं.

सुरुवात बहुतेक वेळा शाळेतून होत नाही, एजंटाकडून होते. लातूरच्या क्लासेसच्या भागात किंवा संभाजीनगरच्या एखाद्या हॉटेलच्या हॉलमध्ये 'एव्हिएशन सेमिनार' लागतो. नीटमध्ये कमी मार्क पडलेल्या पोरांचे आई-वडील समोर बसलेले असतात. पडद्यावर पगाराचे आकडे फिरतात आणि 'आमचा एअरलाइनशी करार आहे, नोकरीची शंभर टक्के हमी' असं सांगितलं जातं. इथंच उठून बाहेर यावं. कमर्शियल पायलट लायसन्स, म्हणजे सीपीएल, हातात आल्यावरही एअरलाइन आपली लेखी परीक्षा, संगणकावरच्या चाचण्या आणि मुलाखत स्वतः घेते. त्यावर एअरबस ए-३२० किंवा बोइंग ७३७ चं टाइप रेटिंग, म्हणजे तेच विमान उडवण्याची परवानगी, वेगळं लागतं आणि त्याचा खर्चही वेगळा असतो. एअरलाइनची स्वतःची कॅडेट योजना, म्हणजे नवी पोरं निवडून पायलट करण्याची योजना, असेल तर ती त्या एअरलाइनच्या वेबसाइटवर असते आणि अर्जही तिथूनच जातो. हमी द्यायचा अधिकार कुठल्याच एजंटाला नाही.

मग 'आज बुकिंग केलं तर दोन लाख कमी' म्हणून पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर करार होतो. हा करार नीट वाचा. दुसरा पक्ष उड्डाण शाळा नसते, कन्सल्टन्सी असते. भरलेली रक्कम 'प्रशिक्षण शुल्क' म्हणून लिहिलेली नसते, तर 'समुपदेशन व सेवा शुल्क, ना-परतावा' अशी लिहिलेली असते. एवढ्या दोन शब्दांत तुमचे आठ-दहा लाख गेलेले असतात, आणि शाळेला विचारलं तर ती म्हणते, आमच्याकडे तुमचा रुपयाही आलेला नाही. पैसे कधीही शाळेच्याच बँक खात्यात, आरटीजीएसने, पावती घेऊनच भरावेत. 'बँकेच्या कर्जाच्या भानगडीत पडू नका, वेळ जातो' हा सल्लाही संशयाचा समजा. बँक शाळेची मान्यता आणि फीचं पत्रक तपासते, आणि नेमकं तेच एजंटाला नको असतं.

जीएसटीचंही पाहून घ्या. पन्नास लाखांवर अठरा टक्के म्हणजे नऊ लाख. सप्टेंबर २०२४ मध्ये जीएसटी परिषदेच्या ५४ व्या बैठकीनंतर स्पष्ट झालं की डीजीसीए-मान्य शाळांनी चालवलेल्या मान्य उड्डाण अभ्यासक्रमांवर जीएसटी नाही. तरीही कोटेशनमध्ये ती ओळ कुणी घालत असेल तर कशाच्या आधारे, ते लेखी मागा.

पैशांच्या आधी करायचं काम म्हणजे मेडिकल. याचा क्रम उलटा झाला की माणूस सगळ्यात वाईट बुडतो. आधी डीजीसीएच्या यादीतल्या डॉक्टरकडून क्लास-२ आणि मग मान्यताप्राप्त केंद्रात क्लास-१. रंगांधळेपणा, हृदयाच्या ईसीजीतली गडबड, ऐकण्यातला दोष अशा गोष्टी पोराला आयुष्यात कधी जाणवलेल्या नसतात, त्या इथं बाहेर येतात. एजंट म्हणतो, 'आधी सीट धरा, मेडिकल नंतर होऊन जातं.' नंतर पोरगं अनफिट निघालं की करारातला 'ना-परतावा' पुढं येतो. क्लास-१ होईपर्यंत मेडिकलचा आणि डीजीसीएच्या कॉम्प्युटर नंबरचा (परीक्षांसाठी लागणाऱ्या ओळख क्रमांकाचा) खर्च सोडून एक रुपया कुणाला देऊ नये. बारावीला गणित किंवा भौतिकशास्त्र नसेल तर ते एनआयओएस या राष्ट्रीय मुक्त शाळेतून देता येतात. 'मार्कशीटचं आम्ही बघतो' म्हणणाऱ्याच्या सावलीलाही उभं राहू नका. २०११ मध्ये बनावट गुणपत्रिकांवर परवाने काढलेले पायलट पकडले गेले आणि त्यांच्यावर गुन्हे दाखल झाले.

आता मूळ मुद्दा, तासांचा. सीपीएलला एकूण २०० तास उड्डाण लागतं. त्यात १०० तास पायलट-इन-कमांड, म्हणजे विमानाची जबाबदारी तुमच्याकडे असलेले, २० तास क्रॉस-कंट्री, म्हणजे एका गावाहून दुसऱ्या गावी जाण्याचे, त्यातलं एक किमान ३०० नॉटिकल मैलांचं आणि दोन वेगळ्या विमानतळांवर पूर्ण थांबून उतरण्याचं. दहा तास इन्स्ट्रुमेंटचे, म्हणजे बाहेर न बघता फक्त उपकरणांवर उडण्याचे, त्यातले जास्तीत जास्त पाच सिम्युलेटरवर. रात्रीचे पाच तास आणि त्यात दहा टेकऑफ, दहा लँडिंग. अमुक इतक्या महिन्यांत हे सगळं पूर्ण होईल असं माहितीपत्रकात छापलेलं असतं. ते खरं की खोटं हे कागद-पेन्सिल घेऊन पाच मिनिटांत कळतं.

समजा शाळेकडे नऊ विमानं आहेत. रोज उडणारी किती, ते बघा, धरा तीन. सेसना १७२ सारखं शिकाऊ विमान चांगल्या हवामानाच्या महिन्यात, देखभाल सांभाळून, साठ-सत्तर तास उडतं. दर ५० आणि १०० तासांनी तपासणीसाठी त्याला हँगरमध्ये जावंच लागतं. तीन विमानांचे मिळून महिन्याला साधारण २०० तास झाले. विद्यार्थी ७०. म्हणजे माणशी महिन्याला तीन ताससुद्धा नाहीत. दोनशे तासांना जवळपास सहा वर्षं लागतात, आणि यात जून ते सप्टेंबरचा पावसाळा धरलेला नाही. दीड वर्षात संपवायचं तर महिन्याला अकरा तास हवेत. शाळेत गेल्यावर पहिला प्रश्न हाच विचारावा : मागच्या महिन्यात एकूण किती तास उड्डाण झालं आणि शिकणारे किती होते? या दोन आकड्यांचं उत्तर टाळणाऱ्या शाळेला फी विचारण्याचीही गरज नाही.

उरलेली सहा विमानं हँगरमध्ये का असतात, तेही आत जाऊन बघावं. टायर बसलेला आहे का, पंखावर कबुतरांची घाण साचली आहे का, इंजिनावरचं झाकण काढून नुसत्या तारा लोंबतायत का, प्रोपेलरच गायब आहे का? एका विमानाचे सुटे भाग काढून दुसऱ्याला लावले जातात आणि पहिलं वर्षानुवर्षं उभंच राहतं. अशा विमानांतल्या लायकमिंग इंजिनाला साधारण २००० तासांनी ओव्हरहॉल, म्हणजे पूर्ण खोलून दुरुस्ती, लागतं. त्याचा पैसा बाजूला ठेवलेला नसेल तर एकेक विमान जमिनीवर बसत जातं. विचारल्यावर उत्तर ठरलेलं : 'पार्ट अमेरिकेतून येतोय.' शेपटीवरची व्हीटीपासून सुरू होणारी अक्षरं वहीत उतरवून घ्या आणि शाळेच्या मान्यतापत्रातल्या विमानांच्या यादीशी ताडून पाहा. मान्यतापत्राची मुदत आणि त्यावर लिहिलेला तळ हेही बघा. मान्यता एका गावच्या तळासाठी आणि पोरं पाठवली दुसरीकडे, असंही होतं.

२०२५ पासून डीजीसीए उड्डाण शाळांची वर्षातून दोनदा क्रमवारी काढते. ए++, ए, बी आणि सी अशा श्रेणी असतात. ती यादी जरूर बघा, पण तेवढ्यावर थांबू नका. श्रेणी सरासरी सांगते. तुमच्या बॅचला किती विमानं मिळणार ते सांगत नाही.

दुसरी मोठी चोरी मीटरवर होते. बहुतेक शिकाऊ विमानांत पॅनेलवर हॉब्स मीटर असतो, छोट्या खिडकीत आकडे फिरणारा. निघताना ४१२७.३ आणि परतल्यावर ४१२८.४, म्हणजे १.१ तास. दशांशाचा एक घर म्हणजे सहा मिनिटं, तेव्हा १.१ म्हणजे एक तास सहा मिनिटं. बऱ्याच विमानांत हा मीटर इंजिनाच्या ऑइल प्रेशरवर चालतो, म्हणजे विमान जागचं हलायच्या आधीपासून. त्यामुळे लॉगबुकातला, म्हणजे तुमच्या उड्डाणांच्या नोंदवहीतला, वेळ मीटरपेक्षा थोडा कमी भरेल, जास्त कधीच नाही. तरीही तुमच्या नावावर दीड तास लिहिला गेला, तर एकतर तुमच्या पॅकेजमधून न उडलेली चोवीस मिनिटं कापली गेली, नाहीतर तुमच्या लॉगबुकात खोटा वेळ चढला. पोरं या खोट्या वेळेवर खूश होतात, 'तास तर वाढले' म्हणून. याला या धंद्यात पार्कर पेन अवर्स म्हणतात, म्हणजे विमानाने नाही, पेनाने उडलेले तास. ते अंगलट येतात विद्यार्थ्याच्याच. विमानाचं स्वतःचं जर्नी लॉग (प्रत्येक फेरीची नोंदवही), इंधनाची नोंद, एटीसीकडची (हवाई वाहतूक नियंत्रणाकडची) नोंद आणि तुमचं लॉगबुक ही चार कागदपत्रं एकमेकांशी जुळली नाहीत तर परवाना जातो. तेव्हा प्रत्येक उड्डाणाच्या आधी आणि नंतर मीटरचा फोटो काढायचा. इन्स्ट्रक्टरला राग येत असेल तर येऊ द्या. टॅकोमीटरवर हिशोब करणारी शाळा असेल तर लक्षात ठेवा, तो इंजिनाच्या फेऱ्यांवर मोजतो, जमिनीवर हळू चालताना मागे पडतो. डीजीसीएच्या ईजीसीए या ऑनलाइन पोर्टलवरच्या ई-लॉगबुकात शाळेने तास प्रमाणित केलेत का, ते दर महिन्याला बघत जा.

पॅकेजच्या '२०० तासां'त सिंगल इंजिन किती, मल्टी इंजिन किती, सिम्युलेटर किती, हे फीच्या कराराला जोडून लिहून घ्या. जादा तासाचा दर, स्किल टेस्टचा (परवान्यासाठीच्या उड्डाण परीक्षेचा) खर्च, लँडिंग चार्ज, इंधन दरवाढ कुणाच्या माथी, हेही. पंधरा-वीस हजार रुपये तासाने 'एक्स्ट्रा' उडवून घेणं हे काही शाळांचं खरं उत्पन्न असतं. उशिराचा फटकाही इथंच बसतो : १०० तास पायलट-इन-कमांडपैकी १५ तास परवान्याच्या अर्जाआधीच्या सहा महिन्यांतले असावे लागतात, क्लास-१ मेडिकल दरवर्षी नवं करावं लागतं. शाळा रखडली की जुने तास असूनही नवे विकत घ्यावे लागतात.

फी हप्त्यांत आणि उड्डाणाशी बांधलेली असावी. प्रवेशाला थोडी, मग पहिल्या सोलोनंतर, म्हणजे एकट्याने केलेल्या उड्डाणानंतर, ६० तासांनंतर, १२० तासांनंतर, असं. एकरकमी भरणाऱ्याला सवलत मिळते खरी, पण सगळे पैसे हाती आल्यावर तुम्हाला उडवण्याची घाई शाळेला उरत नाही.

इन्स्ट्रक्टर निवडता येतो, हे इकडच्या पोरांना माहीतच नसतं. समोर आला तो सर. असिस्टंट फ्लाइट इन्स्ट्रक्टर, फ्लाइट इन्स्ट्रक्टर आणि चीफ फ्लाइट इन्स्ट्रक्टर हे वेगवेगळे. पहिला दुसऱ्याच्या देखरेखीखाली काम करतो. कागदावरचा चीफ तळावर रोज असतो का, की महिन्यातून एकदा सह्या करायला येतो, ते विचारा. बरेच तरुण इन्स्ट्रक्टर एअरलाइनमध्ये जाण्यापुरते तास जमवत असतात. त्यात गैर काही नाही, पण दर महिन्याला नवा माणूस आला की प्रत्येक जण तुम्हाला पुन्हा सर्किटपासून, म्हणजे धावपट्टीभोवतीच्या फेरीपासून, तपासतो आणि त्या तासांचे पैसे तुमचे जातात.

चांगला इन्स्ट्रक्टर ओळखायला विमानात बसावं लागत नाही. उड्डाणाआधी तो फळ्यावर पंधरा-वीस मिनिटं आज काय करायचं ते काढून दाखवतो. उतरल्यावर ट्रेनिंग रेकॉर्डमध्ये 'गुड' एवढंच लिहीत नाही; 'फ्लेअर (टेकण्याआधी नाक उचलणं) उशिरा, फायनलला (उतरण्याच्या शेवटच्या टप्प्यात) वेग पाच नॉट जास्त' असं लिहितो. विमानात त्याचे हात मांडीवर असतात. वाईट इन्स्ट्रक्टरचे कंट्रोलवर असतात. लँडिंग त्याचं आणि बिल तुमचं. पहिली सोलो साधारण पंधरा ते पंचवीस तासांत होते. चाळीस तास झाले, सोलो नाही आणि का नाही हे लिहूनही दिलेलं नाही, तर चूक फक्त पोराची नसते.

ही सगळी माहिती ऑफिसात मिळत नाही. बारामती, जळगाव, गोंदिया, जिथं कुठं बघायला जाल तिथं गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर सकाळी सहाला जाऊन थांबा. एप्रिल-मेमध्ये दुपारी बेचाळीस अंशांत हवा विरळ होते, लहान विमान धड चढत नाही, म्हणून खरी उड्डाणं पहाटेच होतात. तेव्हा धावपट्टीवर सामसूम असेल तर दिवसभरात फार काही होणार नाही. जुनी पोरं भेटली की दोनच गोष्टी विचारा : तुला येऊन किती महिने झाले आणि लॉगबुकात किती तास आहेत?

अडकला असाल तर भांडणाआधी कागद गोळा करा. लॉगबुकाच्या प्रत्येक पानाची, ट्रेनिंग रेकॉर्डची, पावत्यांची प्रत स्वतःकडे ठेवा. शाळा बदलायची म्हटलं की लॉगबुक अडकवून ठेवलं जातं, म्हणून ही सवय पहिल्या महिन्यापासून हवी. मग शाळेला लेखी पत्र, डीजीसीएकडे तक्रार, एजंटाने पैसे लाटले असतील तर पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेत अर्ज. १ जुलै २०२४ नंतरच्या फसवणुकीला भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ लागतं. ग्राहक आयोगातही जाता येतं. भरलेली रक्कम पन्नास लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात, आणि शाळा कुठंही असली तरी तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात. लातूरच्या माणसाला त्यासाठी मुंबई-दिल्ली करावी लागत नाही. शिक्षण ही 'सेवा' आहे का यावर तिथं वाद घातला जातो, तेव्हा 'नीट शिकवलं नाही' असं न लिहिता 'इतके पैसे घेतले, इतके तास ठरले, इतकेच दिले' असं आकड्यांत लिहा.

ग्राहक आयोगात तक्रारीची मुदत दोन वर्षांची असते. 'पुढच्या महिन्यात नवीन विमान येतंय' हे वाक्य दर महिन्याला ऐकवलं जातं ते उगाच नाही. ते पहिल्यांदा कधी ऐकलं, ती तारीख लिहून ठेवा.