रंगाखाली लोखंड निघालं

माझी रॉयल एनफील्ड क्लासिक ३५० जुनी, तिला आरपीएम मीटर (इंजिनाचे मिनिटाचे फेरे दाखवणारा) नाही. बाहेरून एक घेतला, सोबत व्होल्टमीटर. दोन्ही हँडलपाशी बसवायला ब्रॅकेट हवा होता. पुठ्ठ्याचा नमुना कापून वागळे इस्टेटमधल्या एका फॅब्रिकेशनवाल्याकडे गेलो. २०० बाय ८० मिमी, ४ मिमी जाड अ‍ॅल्युमिनियम, एकाच पट्टीतून बेंड मारायचा, एवढं स्पष्ट सांगितलं.

"लेझर कटिंग, पावडर कोटिंग धरून साडेचार हजार, साहेब."

तीन हजार अ‍ॅडव्हान्स त्याने स्वतःच्या मेहुण्याच्या नंबरवर घेतले. पक्कं बिल मागितलं तर म्हणाला, "१८ टक्के जीएसटी उगाच कशाला भरता?" खोटं कशाला बोलू, मलाही ते सोयीचंच वाटलं.

आणि गाडी तिथेच सोडून आलो. चार दिवसांनी गेलो तेव्हा ब्रॅकेट मीटरसकट बसवून तयार, काळाभोर, झकास. उरलेले पैसे दिले, निघालो.

दीड महिन्याने गायमुख घाटातल्या खड्ड्यांत ब्रॅकेट मोडला, दोन्ही मीटर वायरींना लोंबकळायला लागले. बेंड म्हणून दाखवला होता तिथे दोन तुकडे नुसते वेल्डिंगचे टाके मारून जोडलेले, वर लांबी (पुट्टी) भरून घासलेली आणि त्यावर साधा स्प्रे. रबर बुश एकही नाही, त्यामुळे इंजिनाची सगळी थरथर त्या जोडावर. भेगेत गंज.

अ‍ॅल्युमिनियमला गंज? घरी फ्रिजवरचं चुंबक लावलं, चिकटलं. (स्टेनलेस सांगितलं असेल तर फक्त चुंबकावर भिस्त ठेवू नका. वाकवलेलं ३०४ ग्रेडचं स्टेनलेसही चुंबकाला थोडं धरतं.) मग बायकोचा स्वयंपाकघरातला वजनकाटा काढला. अ‍ॅल्युमिनियमची घनता घनसेंटीमीटरला २.७ ग्रॅम, म्हणजे त्या मापाची अख्खी पट्टीसुद्धा १७३ ग्रॅमच्या पुढे जात नाही. माझे दोन तुकडे मिळून साडेतीनशेच्या वर! साधं लोखंड, तेही ४ नाही, ३ मिमी.

परत गेलो तर म्हणतो, "तुमचं चुंबक जास्त पॉवरचं असेल."

ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, फोन लावला. पहिला प्रश्न बिलाचा. माझ्याकडे त्याच्या मेहुण्याच्या नावाचा पेमेंटचा स्क्रीनशॉट.

दुसरा ब्रॅकेट रबाळे एमआयडीसीत केला. या वेळी बेंड मारेपर्यंत तिथेच उभा राहिलो. कारागिराने कोरा, बिनरंगाचा तुकडा हातात दिला आणि विचारलं, "रंगाला टाकू, की काटा आणलाय?"

आणला होता.